नोंदवहीतला रिकामा रकाना

जुलै २०२३ मधल्या एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतले आणि सांगितले की आमच्या नागपूरच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, पाच जणांची एक समिती नेमली आहे आणि तिचे लेखनाचे काम मी करायचे आहे. परदेशातल्या एका सहकारी चर्चचे पत्र आले होते. त्यांच्या पूर्वजांनी जिथे जिथे मिशनकार्य केले तिथल्या मंडळ्यांनी आपला इतिहास आपल्या बाजूने लिहून पाठवावा, गोऱ्या मिशनरींच्या वागण्यात वंशभेद कुठे होता, पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय कोणाच्या हातात होते, हे संकोच न करता लिहावे, अशी विनंती त्यात होती. मी ३२ वर्षे शाळेत इतिहास शिकवला, म्हणून हे काम माझ्याकडे आले. तीन महिन्यांत दहा-बारा पाने होतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात लिहून पाठवायलाच १३ महिने लागले.

त्या सुमारास असे प्रश्न जगभरच्या चर्चमध्ये विचारले जात होते. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सनी, आपल्या जुन्या निधीतला पैसा अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात गुंतला होता हे मान्य करून १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला होता. बार्बाडोस बेटावर एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनसंस्थेचे उसाचे मळे होते आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे, हे मी त्याच काळात पहिल्यांदा वाचले. शुभवर्तमान पसरवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे नाव माणसाच्या कातडीवर अशा रीतीने उमटले होते, हे वाचल्यावर दोन दिवस मला दुसरे काही सुचले नाही.

आमची मंडळी मात्र स्कॉटिश परंपरेतली आहे, म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला की हे इंग्रजांचे प्रकरण आहे, आपले नाही. ती सुटका मलाच मोडावी लागली. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. हे चर्च १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले होते. बाहेर पडताना देवळे, घरे, पगार सगळे सोडावे लागले, त्यामुळे पैशाची निकड होती. १८४४ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ अमेरिकेत गेले आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांकडूनही, सुमारे ३००० पौंड घेऊन आले. दोन वर्षांनी, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडमध्ये गावोगावी सभा घेऊन ‘तो पैसा परत पाठवा’ असे सांगत फिरला, आणि त्या वेळी अमेरिकेच्या कायद्याने तो स्वतः अजून गुलामच होता. पैसा परत गेला नाही. नागपूरचे काम त्या पैशातून सुरू झाले नव्हते, त्याची सुरुवात कंपनीच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याच्या देणगीतून झाली, हेही मी समितीपुढे तितक्याच स्पष्टपणे मांडले. पण ज्या चर्चने आपल्याकडे माणसे पाठवली त्याच चर्चपुढे त्याच दोन-तीन वर्षांत गुलामगिरीचा प्रश्न उभा होता आणि त्याने पैसा ठेवून घेतला, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर यायला हवी, असे माझे मत होते आणि आजही आहे.

समितीतले सर्वांत ज्येष्ठ सदस्य रेल्वेतून निवृत्त झालेले होते. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, “बाई, माझा आजा गुरं राखत होता. त्याला अक्षर कोणी दिलं? माझ्या आईचा जीव कोणत्या दवाखान्यात वाचला? आता त्यांचेच हिशेब काढायचे?” या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही, कारण तो खरा प्रश्न होता आणि माझ्या घरातही तोच होता. माझी आजी मिशनच्या मुलींच्या शाळेत वाचायला शिकली आणि मरेपर्यंत रोज सकाळी स्तोत्रसंहितेचा एक अध्याय मोठ्याने वाचत असे. ते ऋण मी नाकारणार नव्हते. तरीही ज्यांनी उपकार केले त्यांच्याविषयी खरे लिहायचे नाही, असा नियम केला तर इतिहास लिहिता येणार नाही, एवढे मी त्यांना सांगितले. ते पुढच्या एका बैठकीला आले नाहीत, नंतर मात्र एकही चुकवली नाही.

पहिले चार महिने ‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे परक्या राजवटीची छाप पुसणे, या शब्दाभोवतीच गेले. शब्द तोंडात बसत नव्हता आणि त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा होता. समितीतल्या तरुण वकील मुलीला भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या काढायच्या होत्या. कोणाला इंग्रजी चालींची गीते कमी करून टिळकांची भजने वाढवायची होती, आणि त्याला आधारही होता, कारण आमच्या नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात ज्यांच्या हाती नवा करार पडला त्या नारायण वामन टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला होता, आणि ख्रिस्ताकडे जायला भारतीय माणसाला गोऱ्या मध्यस्थाची गरज नाही हे जगून दाखवले होते. मला स्वतःला हिस्लॉप यांच्या कागदपत्रांनी विचारात पाडले. त्यांनी एका परधान, म्हणजे गोंडांच्या पिढीजात भाट, गायकाकडून गोंडांचा दैवी पूर्वज लिंगो याचे गीत गोंडीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले, आणि १८६६ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते लेख संपादून छापले. उतरवून घेणाऱ्याचे नाव आहे, छापणाऱ्याचे आहे. ज्याच्या गळ्यात ते सगळे गीत होते त्याचे नाव मुखपृष्ठावर नाही. हिस्लॉप यांनी ते जपले नसते तर कदाचित लेखी रूपात ते इतक्या लवकर आलेच नसते, हेही खरेच. या दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात लिहिताना माझे सहा खर्डे झाले.

डिसेंबरमध्ये आम्ही नोंदवह्या उघडल्या. पाळकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात काळ्या कापडी बांधणीच्या सात वह्या आहेत. पहिल्या वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि पाने उलटताना बोटाला भुसा लागतो. रकाने इंग्रजीत छापलेले: तारीख, नाव, वय, पूर्वीची जात, गाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. सहीचा रकाना कुठेही रिकामा नाही. जातीचा रकाना कुठेही रिकामा नाही. नावाच्या रकान्यात मात्र पुरुषाचे नाव आणि त्यापुढे ‘व पत्नी’, ‘पत्नी व दोन मुले’ अशा नोंदी पानामागून पाने येतात. १९०० सालच्या पानावर, छप्पन्नच्या दुष्काळाच्या वर्षी, मला माझे पणजोबा सापडले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना बायबलमधले नाव मिळाले होते, ते मला ठाऊक होते. पुढे लिहिले होते ‘व पत्नी’. जात: महार. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. पणजीचे नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आजी तिला नुसती ‘माय’ म्हणत असे.

भिंतीवरच्या एका पाटीत दोन मिशनरींची पूर्ण नावे, पदव्या, जन्मगाव आणि ‘यांचे देशी सहकारी’ असे तीन शब्द आहेत. त्या दिवशी मी समितीत म्हणाले की पाट्या काढण्यात मला रस नाही. या तीन शब्दांतली माणसे कोण होती ते शोधू. घरोघर फिरून बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका, गावोगाव चालत जाणारे उपदेशक, शाळेतले पंतोजी, दवाखान्यातल्या परिचारिका. मंडळी त्यांच्या पायांवर उभी राहिली. वकील मुलगी तयार झाली, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक उत्साहाने रेल्वेतले काकाही.

आतापर्यंत आम्ही बोट दुसऱ्याकडे दाखवत होतो. जानेवारीच्या बैठकीत मी पहिले भारतीय अँग्लिकन बिशप अझराया यांच्या १९१० च्या एडिनबरो इथल्या भाषणाचा भाग वाचून दाखवला. ते तेव्हा बिशप व्हायचे होते. जगभरच्या मिशनरींच्या त्या परिषदेत त्यांनी उघडपणे सांगितले की मिशनरी आमच्यासाठी कष्ट करतात, त्याग करतात, पण आम्हाला आपल्या घरी बोलावून बरोबरीने बसवत नाहीत. आणि शेवटी मागितले, ‘आम्हाला मित्र द्या.’ मी हे अभिमानाने वाचले. वाचून झाल्यावर वकील मुलीने विचारले, “आपल्या मलावीच्या विद्यार्थ्याला आजपर्यंत कोणी जेवायला बोलावलंय?”

कोणीही बोलावले नव्हते. हा मुलगा आफ्रिकेतल्या मलावी देशातून नागपुरात पदवीसाठी आला होता आणि दोन वर्षे दर रविवारी आमच्या इंग्रजी उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसत होता. मलावीतली त्याची मंडळी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने १८७५ मध्ये सुरू केलेल्या लिव्हिंगस्टोनिया मिशनमधून उभी राहिली, म्हणजे एका अर्थाने तो आमच्याच घरचा. शंभराव्या स्तोत्राची चाल तो आमच्याइतकीच आपली म्हणून गातो, शब्द चिचेवा भाषेतले. त्या संध्याकाळी आम्ही त्याला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे जेवायला आला. जेवताना त्याने सहज सांगितले की नागपूरच्या सदर भागात खोली शोधताना तीन घरमालकांनी त्याला तोंडावर नकार दिला होता आणि त्यांतले एक आमच्या मंडळीतले होते. तो कोण हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आमच्या अहवालात वंशभेदाचे एक पान आमच्याविषयी असेल, हे त्या रात्री ठरले. काकांनीच ते सुचवले.

मी रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवते, त्यामुळे याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट मला नोंदवणे भाग आहे. आमच्याकडे शब्दांविना पुस्तक म्हणून फेल्टच्या पानांचे एक छोटे पुस्तक आहे. त्याचे मूळ १८६६ मध्ये लंडनमध्ये स्पर्जन नावाच्या धर्मोपदेशकांनी केलेल्या उपदेशात आहे. काळे पान पापाचे, लाल रक्ताचे, पांढरे शुद्ध झालेल्या मनाचे, आणि नंतर त्यात जोडलेले सोनेरी स्वर्गाचे. मी ते २० वर्षे वापरले. फेब्रुवारीत ते उघडून काळ्या पानावर बोट ठेवले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका सावळ्या मुलीने आपला हात फ्रॉकच्या खिशात घातला. ती काही बोलली नाही. त्या हाताचा आणि पानाचा संबंध मी उगाच लावला असेल, असेही म्हणता येईल. पण ज्या समाजात लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ छापले जाते तिथे सहा वर्षांच्या मुलीपुढे पापाला हा रंग देणे मला त्या क्षणापासून शक्य झाले नाही. पुस्तक मी कपाटात ठेवून दिले, आणि आता तीच गोष्ट शेतातल्या तणाची आणि पेरणीची करून सांगते.

मार्चमध्ये आम्ही वृद्ध सभासदांच्या आठवणी ऐकायला सुरुवात केली. मोहननगरातल्या एका बाईंकडे मी दोनदा गेले. त्यांचे वय ८६. मिशनरी मॅडमच्या बंगल्याचा मागचा दरवाजा, नाताळचे केक, देशी शिक्षिकेला मिळणारा निम्मा पगार, असे सगळे त्यांनी सांगितले. मग मी वही मिटत असताना त्या म्हणाल्या, “हे तं गोऱ्यांचं झालं. आता आपलं लिहितेस का? माही माय मांगाची. ते शेवटच्या बाकावर बसे. प्रभुभोजनाचा प्याला तिले सगळ्यायच्या शेवटी भेटे. कोणी सांगितलं नव्हतं तिले, पण तिच्यानंतर तुमच्या घरचे तोंड लावत नव्हते.”

‘तुमच्या घरचे’ हे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, रागाने नव्हे. तेव्हा सगळे एकाच प्याल्यातून पीत. पुढे प्रत्येकाला वेगळे छोटे पेले आले आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले, पण त्यांच्या मते छोटे पेले आले ते याच प्रश्नामुळे. याला लेखी पुरावा मला सापडला नाही. आमचे घर मंडळीत जुने, शिकलेले, वडीलमंडळात दोन पिढ्या असलेले. हिंदू शेजाऱ्यांनी आमच्या पणजोबांना विहिरीवर चढू दिले नाही, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. आमच्या लोकांनी प्रभूच्या मेजावर कोणाला मागे ठेवले, हे मला ६१ व्या वर्षी कळले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मंडळ्यांवर हाच आक्षेप घेतला होता की धर्म बदलला तरी जात त्यांच्या दारातून आत आलीच. १९५६ मध्ये याच शहरात १४ ऑक्टोबरला त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आजीचा सख्खा भाऊही दीक्षाभूमीवर होता. त्याने मंडळी का सोडली याचे कारण आमच्या घरात ‘तो तापट होता’ असे सांगितले जाई. आता मला ते कारण पुरेसे वाटत नाही.

ही आठवण अहवालात घ्यावी की नाही यावर एप्रिल आणि मे हे दोन महिने गेले, आणि सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच होता. दोन सदस्यांचे म्हणणे होते की परदेशी लोकांपुढे घरातले कपडे कशाला वाळत घालायचे. त्यांची भीती अगदी निराधार नव्हती, कारण आपल्या चुका वाचून काही वाचक आपल्यावरच्या अन्यायाची बाजू विसरतात. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून हिंदू सोडून इतरांना वगळले गेले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. दर वर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळत संविधान चौकात फलक घेऊन मी स्वतः उभी राहिले आहे. आजीच्या भावाच्या नातवंडांना जे मिळते ते माझ्या भाच्यांना मिळत नाही, आणि दोघांचा मूळ पुरुष एकच. तेव्हा एका सदस्याने विचारले की आपल्यातच जातिभेद होता असे लिहिले तर आपल्या मागणीचे काय होईल? मी म्हणाले, उलट आपण सरकारला हेच सांगत आलो आहोत की बाप्तिस्म्याने जात पुसली जात नाही. चौकात एक सांगायचे आणि वेदीपुढे दुसरे, असे किती दिवस चालणार? मतदान झाले नाही. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाळकसाहेबांनी त्या बाईंना बैठकीला आणले, त्यांनी तेच पुन्हा सांगितले, आणि ते पान अहवालात गेले.

अहवाल ऑगस्टमध्ये पाठवला, ४७ पानांचा. आमचे गाऱ्हाणे त्यात स्पष्ट आहे: पगारातला फरक, देशी पाळकांना उशिरा मिळालेले अधिकार, जमिनीच्या कागदांवरची नावे. उत्तर सौजन्याचे आले. पण मंडळीत काय करायचे हे आम्हालाच ठरवायचे होते. ज्या शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्चनी आपापली विलायती नावे बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तिथे एका मंडळीला आपले बाक आणि प्याले याविषयी बोलणे जमायला हवे होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दलित मुक्ती रविवारी, खास उपासना ठरली. पाटीवरच्या ‘देशी सहकाऱ्यां’ची जेवढी नावे सापडली तेवढी वाचायची, आणि पापकबुलीच्या प्रार्थनेत मागच्या बाकाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करायचा.

नावे शोधत मी ऑक्टोबरात नागपुरातल्याच इंदोऱ्याला आजीच्या भावाच्या नातवाकडे गेले. दोन घरांत लग्नकार्याचे येणे-जाणे होते, पण पणजीविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. मी वहीतल्या पानाचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो ‘व पत्नी’पाशी थांबला आणि म्हणाला, “ताई, थांबा जरा. माळ्यावर मायचा गुंड आहे.” पितळेचा तो गुंड, म्हणजे पाण्याचे भांडे, काळा पडलेला होता. त्याच्या बायकोने चिंचेचा कोळ आणि राख लावून काठाखालची जागा घासली, तेव्हा टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे एकेक करून वर आली. पहिले अक्षर झिजून गेले होते. ते त्याच्या आईने आतल्या खोलीतून सांगितले. बाप्तिस्म्याच्या आधीचे, गावाकडचे नाव.

मूळ नोंदवहीत काही लिहिता येत नाही, ती कायदेशीर कागद आहे. म्हणून पाळकसाहेबांनी त्याच मापाचे एक कोरे पान वहीत मागे जोडले आणि त्यावर तारीख व सही केली. उपासनेच्या दिवशी त्या पानावर १४ नावे होती. अकरावे मी वाचले. इंदोऱ्याचा भाऊ कुटुंबासह आला होता, मलावीचा विद्यार्थी त्याच्या शेजारी बसला होता. मोहननगरच्या बाई गुडघ्यांमुळे येऊ शकल्या नाहीत, म्हणून पाळकसाहेब आणि मी दुपारी त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन गेलो. त्यांनी एकच प्याला मागितला, तिघांत. आधी त्या प्यायल्या, मग मी.

पान अजून अर्धे रिकामे आहे. कामठीला बायबल वाचून दाखवणाऱ्या एका बाईंची नात राहते असे कळले आहे, येत्या शनिवारी काका आणि मी तिकडे जाणार आहोत.